पिंजऱ्यातील झुंज आणि अरण्यातील निर्वासित

अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या संघीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका तडजोडीवर अंतिम शिक्कामोर्तब केले. ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ म्हणजे मिश्र मल्लयुद्ध या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाचा जगातील सर्वांत मोठा धंदा ‘यूएफसी’ ही कंपनी करते. या कंपनीने आपल्या हजाराहून अधिक मल्लांना ३७.५ कोटी डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबाने तीन हजार कोटींहून अधिक रुपये द्यावेत, असे त्या तडजोडीने ठरले. कंपनीने प्रतिस्पर्धी संस्था विकत घेऊन किंवा मोडीत काढून बाजारपेठ मुठीत ठेवली आणि त्यामुळे मल्लांना मिळेल त्या बिदागीवर झुंजावे लागले, असा फिर्यादीतील आरोप होता. डिसेंबर २०१४ मध्ये दाखल झालेला हा दावा दहा वर्षे चालला. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो पहिला फिर्यादी कुंग ले हा व्हिएतनाममधून आलेला निर्वासित आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांचा या प्रकरणाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो वरवर दिसतो त्यापेक्षा जवळचा आहे.

एप्रिल १९७५ मध्ये सायगॉन पडण्यास अवघे काही दिवस उरले असताना एका हेलिकॉप्टरमधून बाहेर काढलेल्या माणसांत एक आई आणि तिचे तीन वर्षेही पूर्ण न झालेले मूल होते. हे मूल पुढे कॅलिफोर्नियातील सॅन होजे या शहरात वाढले. शाळेतील इतर मुले चिडवीत, मारीत. तेव्हा वयाच्या दहाव्या वर्षी आईने त्याला तायक्वांदोच्या वर्गात घातले. पुढे शाळेत त्याला कुस्तीचा संघ मिळाला, आणि वेस्ट व्हॅली कॉलेज या दोन वर्षांच्या साध्या सार्वजनिक महाविद्यालयातही कुस्तीची गादी आणि शिकविणारा माणूस मिळाला. त्यानंतर चिनी ‘सान्शौ’ या प्रकारात, म्हणजे ठोसे, लाथा आणि उचलून आपटणे यांच्या खेळात, त्याने नाव कमावले. मार्च २००६ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, जेव्हा आपल्याकडील मल्ल लंगोट खुंटीला टांगण्याच्या बेतात असतो तेव्हा, त्याने मिश्र मल्लयुद्धात पहिली लढत दिली. दोन वर्षांनी, २९ मार्च २००८ रोजी, त्याच सॅन होजे शहरात फ्रँक शॅमरॉक या नामांकित मल्लाला हरवून तो ‘स्ट्राइकफोर्स’ या संस्थेचा मध्यम वजनगटातील विजेता झाला. लेच्या लाथा हातावर झेलता झेलता शॅमरॉकच्या हाताचे हाड मोडले आणि तिसऱ्या फेरीअखेर लढत संपली.

येथपर्यंतची कथा चित्रपटवाल्यांना आवडेल अशीच आहे, आणि अशा कथा हल्ली वारंवार सांगितल्या जातात. निर्वासित म्हटला की त्याने दुःख भोगलेले असते, दुःखाने तो पोलादासारखा कठीण होतो आणि म्हणून तो विजेता होतो, असा या कथांचा ठराविक साचा. हा साचा जितका गोड तितकाच खोटा आहे. दुःखाने माणूस मल्ल होत असता तर फाळणीनंतरच्या छावण्यांतून या देशाला हजारो विजेते मिळाले असते. मिळाला तो एक मिल्खासिंग. आणि त्यालाही घडविले ते दिल्लीच्या निर्वासित छावणीने नव्हे, तर ज्या सैन्याने तीनदा नाकारून १९५१ मध्ये चौथ्या वेळी भरती केले त्या सैन्यातील मैदानाने, तेथल्या शिक्षकाने आणि पोटभर अन्नाने. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो चौथा आला. त्या चौथ्या क्रमांकाच्या मागे एक संस्था उभी होती. कुंग लेच्या मागेही आईची जिद्द होतीच. पण जिद्दीला धरायला शाळा, महाविद्यालय आणि कुस्तीची गादी हाताशी होती. ज्या निर्वासिताला यांतले काहीच मिळाले नाही, त्याची जिद्द कोठे जिरते हे पाहायचे असेल तर कॅलिफोर्नियात जाण्याचे कारण नाही. चामोर्शीहून मुलचेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने जावे.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती त्या रस्त्याच्या आसपास, झाडीपट्टीच्या पोटात, साठच्या दशकापासून वसलेल्या आहेत. चंद्रपूर शहरातही ‘बंगाली कॅम्प’ हे नाव अजून टिकून आहे. छावणी उठून पिढ्या लोटल्या तरी नावातला ‘कॅम्प’ काही सुटला नाही. केंद्र सरकारने १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प उभारला तो मुख्यतः ओरिसातील कोरापूट आणि त्या वेळच्या मध्य प्रदेशातील बस्तर या भागांसाठी. १९६४ च्या आरंभी खुलना आणि ढाका येथे दंगली उसळल्यावर लोंढे वाढले, रायपूरजवळच्या माना छावणीत माणसे मावेनाशी झाली आणि निर्वासितांची वाटणी निरनिराळ्या राज्यांत होऊ लागली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्यांपैकी पुष्कळ कुटुंबे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आली. गडचिरोली हा त्या वेळी त्याच जिल्ह्याचा भाग होता. तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. नद्या, होड्या आणि मासळी यांत जन्मलेल्या माणसांना साग-मोहाच्या रानात काही एकर जमीन देण्यात आली आणि पुनर्वसन झाले असे कागदोपत्री नोंदविण्यात आले. या लोकांनी पुढे त्या जमिनीतून भात काढला, भाजीपाला पिकविला, तळ्यांत मासे वाढविले, आपल्या दुर्गापूजेत शेजाऱ्यांना बोलाविले. हे सारे त्यांच्या कष्टाचे फळ, नियोजनाचे नव्हे.

ज्या रानात ही वसाहत झाली ते रान रिकामे नव्हते, याचाही येथेच उल्लेख झाला पाहिजे. गोंड आणि माडिया यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराचा तो प्रदेश. त्यांना विचारून कोणी नकाशावर रेघा ओढल्या नव्हत्या. एका विस्थापिताची सोय करताना दुसऱ्याच्या पायाखालची जमीन थोडी थोडी सरकत गेली, आणि दोघेही आपापल्या जागी उपरे ठरले. एक बाहेरून आल्यामुळे आणि दुसरा आपल्याच घरात. शिवाय शेजारच्या, आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या गोठणगाव-प्रतापगड भागात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची ‘नोरग्येलिंग’ ही वसाहत आहे. म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्याने एका पिढीच्या अवधीत पद्मेच्या काठची आणि हिमालयापलीकडची अशी दोन्हीकडची माणसे पोटात घेतली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक चर्चेत मात्र या गोष्टीला सहसा जागा मिळत नाही. निर्वासित म्हटले की येथे उल्हासनगर आठवते आणि सिंधी व्यापारी आठवतो. उल्हासनगर मुंबईच्या लोहमार्गावर होते. मुलचेरा कोणत्याच लोहमार्गावर नाही. दोन वसाहतींच्या नशिबातील अंतर बरेचसे या एका गोष्टीत आहे.

अमेरिकेच्या औदार्याचे पोवाडे येथे गायचे नाहीत. तेथील सरकारनेही १९७५ मध्ये आलेल्या सव्वा लाखाहून अधिक व्हिएतनामी निर्वासितांना एका जागी राहू द्यायचे नाही, देशभर पांगवून टाकायचे, असेच धोरण आखले होते. पण पांगविलेली माणसे हळूहळू आपल्या पायांनी पुन्हा एकत्र आली, जेथे कारखाने आणि नोकऱ्या होत्या तेथे गेली. सॅन होजे हे व्हिएतनामी लोकांचे मोठे शहर झाले ते असे. त्यांना कोणी अडविले नाही. आपल्याकडे दंडकारण्यातील निर्वासितांनी हेच करून पाहिले. १९७८ मध्ये हजारो कुटुंबे वसाहती सोडून बंगालकडे निघाली आणि त्यांतली बरीचशी सुंदरबनातील मरिचझापी बेटावर जाऊन राहिली. जानेवारी १९७९ मध्ये त्या बेटाची नाकेबंदी झाली, गोळीबार झाला, आणि मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामे करण्यात आले. उरलेल्यांना पुन्हा दंडकारण्यात आणून सोडण्यात आले. निर्वासिताला जमीन देणे आणि त्याला हवे तेथे जाऊ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिली दिली, दुसरी नाकारली. आणि खेळाडू असो, कारकून असो की शिक्षक, माणूस घडतो तो बहुधा दुसऱ्या गोष्टीमुळे.

मिश्र मल्लयुद्ध हा खेळ तरी काय आहे, हे थोडे पाहिले पाहिजे. कारण त्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. तरुणांना तो दूरचित्रवाणीवरील शौर्य वाटतो आणि वडीलधाऱ्यांना निव्वळ गुंडगिरी. अमेरिकेतील सिनेटर जॉन मकेन यांनी १९९६ मध्ये या खेळाला माणसांच्या कोंबड्यांची झुंज म्हणून हिणविले होते. ही उपमा चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. धान कापून झाले की या भागात आडरानात कोंबडबाजार भरतात, कोंबड्याच्या पायाला लोखंडी काती बांधली जाते, बोली लागते आणि एक कोंबडा मरतो. पोलिसांच्या धाडींच्या बातम्यांत जप्त केलेल्या कात्यांची संख्याही दिलेली असते. कोंबडबाजारात पैसा कोंबड्याला मिळत नाही, तो बोली लावणाऱ्याला मिळतो. मकेन यांच्या उपमेतला हा अर्थ त्यांच्या मनात नसावा, पण पुढे न्यायालयात जो वाद झाला तो नेमका याच मुद्द्यावर झाला.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे या खेळाचा पहिला मोठा सामना झाला तेव्हा त्याला नियम जवळजवळ नव्हतेच. तो जिंकला रॉइस ग्रेसी या सडपातळ ब्राझिली मल्लाने. त्याच्या घराण्याची विद्या मूळची जपानी. मित्सुयो माएदा हा जुदोपटू फिरत फिरत ब्राझीलमध्ये स्थायिक झाला आणि त्याने ती ग्रेसी घराण्यातील मुलाला शिकविली. म्हणजे हा खेळ जन्मानेच स्थलांतरितांचा आहे. पुढे अमेरिकेतील राज्यांच्या क्रीडा आयोगांनी नियम घातले. वजनगट ठरले, हातमोजे सक्तीचे झाले, डोक्याने मारणे बंद झाले, रिंगणाशेजारी डॉक्टर बसला. २००० च्या सुमारास हे नियम एकसारखे झाले. नियम आले तसा हा खेळ राज्याराज्यांतून वैध होत गेला. न्यूयॉर्कसारख्या राज्याने मात्र २०१६ पर्यंत वाट पाहिली. आता आइची-नागोया येथील २०२६ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या कार्यक्रमातही मिश्र मल्लयुद्धाचा समावेश करण्यात आला आहे. तेव्हा हा खेळ गुंडगिरी म्हणून झटकून टाकणे यापुढे शक्य नाही. भारतातही २०१२ मध्ये मुंबईत ‘सुपर फाइट लीग’च्या निमित्ताने त्याचे ढोल वाजले. २०१७ मध्ये भारत खंडारे या मराठी मल्लाने शांघाय येथे यूएफसीच्या रिंगणात पाऊल ठेवले. तो हरला, पण भारतातून तेथवर जाणारा पहिलाच ठरला. जून २०२४ मध्ये पूजा तोमर हिने तेथे भारतासाठी पहिला विजय मिळविला. भ्रमणध्वनीवर या लढती पाहणारी मुले आज मुलचेऱ्यातही आहेत आणि भामरागडातही.

त्या मुलांपाशी शरीर नाही असे कोणी म्हणणार नाही. गडचिरोलीच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावर पाहावे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली थव्याथव्यांनी धावत असतात. सोळाशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि गोळाफेक एवढ्याच मोजपट्टीवर या जिल्ह्यातील तारुण्य वर्षानुवर्षे स्वतःला मोजत आहे. भरती झाली तर वर्दी. नाही झाली तर वयोमर्यादा संपेपर्यंत पुन्हा तेच सोळाशे मीटर. खेळ हा येथे छंद नाही, करमणूकही नाही. तो पगारी नोकरीचा अर्ज आहे. पोलीस दल कबड्डी आणि व्हॉलीबॉलचे सामने भरविते, त्यांना बाबूराव शेडमाके आणि बिरसा मुंडा यांची नावे देते, हे चांगलेच आहे. पण वर्षातून एकदा होणारा सामना म्हणजे तालीम नव्हे. तालमीसाठी रोज येणारा शिक्षक लागतो.

आणि शिक्षक मिळाला की काय होते, याचा दाखला याच भागात आहे. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांची पाच मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली.  शासनाने मुले निवडली, त्यांना महिनोन्‌महिने प्रशिक्षण दिले, खर्च उचलला. मुलांनी उरलेले केले. बल्लारपूरजवळ विसापूरला मोठे क्रीडासंकुल उभे राहिले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेथे शालेय मुलांच्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धा झाल्या. म्हणजे पैसा नाही, इच्छा नाही, मुलांत धमक नाही, यांपैकी एकही सबब आता चालण्यासारखी नाही. प्रश्न आहे तो विसापूरचे संकुल आणि मुलचेऱ्याची शाळा यांच्या मधल्या अंतराचा. कोल्हापूर-सांगलीकडे गावोगाव तालीम आहे, वस्ताद आहे, खुराकाची परंपरा आहे. पूर्व विदर्भात ती परंपरा तशी घट्ट नाही. विदर्भात अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, आणि १९३६ मध्ये त्या मंडळाच्या चमूने बर्लिनमध्ये देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. परंतु अमरावतीचा हा दिवा वैनगंगेच्या पलीकडे फारसा पोचला नाही.

खाशाबा जाधव यांची आठवण येथे अपरिहार्य आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे जमेनात तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले, ही हकीगत महाराष्ट्रातील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते, निदान असावी. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या हकीगतीत प्राचार्यांचे मोठेपण आहे तसेच व्यवस्थेचे छोटेपणही आहे. पण गहाण टाकायला घर तरी होते. बंगाली निर्वासितांना दिलेल्या जमिनींवर हस्तांतराचे निर्बंध होते. त्या भोगवटादार वर्ग दोनच्या राहिल्या, आणि त्या वर्ग एक करून मिळाव्यात म्हणून या लोकांना दशकानुदशके अर्ज करावे लागले. दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. यांच्यातील बहुसंख्य नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. कारण आपल्या राज्यघटनेनुसार ही यादी राज्यवार असते. सरकारनेच माणसांना एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवले आणि वाटेत त्यांची सवलत गळून पडली. ज्याच्या आजोबाला छावणीतून मालमोटारीत बसवून येथे आणले, त्या मुलाला शिष्यवृत्तीच्या अर्जावर खुल्या वर्गात खूण करावी लागते. मैदानावर धावणाऱ्या दोन मुलांपैकी एकाने पायाला वजन बांधून धावावे, असा हा प्रकार आहे.

कागदाचा हा अडसर केवळ आपल्याकडचाच आहे असेही नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या संघाला पहिलेवहिले पदक मिळवून देणारी सिंडी न्गांबा ही मुष्टियोद्धा कॅमेरूनमधून अकराव्या वर्षी इंग्लंडमध्ये आली. बोल्टनसारख्या गावातील एका क्लबात ती ठोसे मारायला शिकली, ब्रिटिश संघाबरोबर सराव करू लागली. पण नागरिकत्वाचा कागद नसल्यामुळे त्या संघातर्फे तिला उतरता आले नाही, आणि एकदा तर तिला अटक होऊन देशाबाहेर घालविण्याची वेळ आली होती. निर्वासितांचा संघ म्हणून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१६ मध्ये जी सोय काढली तिच्यामुळे ती वाचली. रिओला त्या संघात दहा खेळाडू होते, पॅरिसला सदतीस. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. गोठणगावच्या तिबेटी मुलाने उद्या जुदोत नाव काढले तर त्याने कोणत्या झेंड्याखाली उतरावे, याचे उत्तर कोणत्या कार्यालयात मिळेल?

या मुलांसाठी आखाडा आणि शिक्षक मागत असताना, त्यांनी पुढे पिंजऱ्यातील झुंजींच्या धंद्यात शिरावे असे सुचविणे मात्र घाईचे होईल. कुंग लेच्या कथेचा उत्तरार्ध म्हणूनच पूर्वार्धापेक्षा अधिक मोलाचा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मकाव येथे त्याने रिच फ्रँकलिन या माजी विजेत्याला पहिल्याच फेरीत बेशुद्ध पाडले, तेव्हा त्याचे वय चाळीस होते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याच शहरात मायकेल बिस्पिंगने त्याला रक्तबंबाळ करून हरविले. त्यानंतर कंपनीने रक्तचाचणीचा हवाला देऊन त्याला निलंबित केले. चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप आल्यावर कंपनीला ते निलंबन मागे घ्यावे लागले. दोनच महिन्यांनी त्याने दावा दाखल केला. दाव्यात पुढे आलेला हिशेब असा की, अमेरिकेतील फुटबॉल किंवा बास्केटबॉल यांसारख्या खेळांत एकूण उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. येथे तो पाचव्या हिश्श्याच्या आसपास होता. २०१६ मध्ये ही कंपनी सुमारे चार अब्ज डॉलरला विकली गेली. ज्यांची हाडे मोडली त्यांची संघटना नव्हती, आणि एकेकट्या मल्लाने करारावर सही करण्यावाचून काही करावे अशी स्थिती नव्हती. दोन दावे मिळून ३३.५ कोटी डॉलरवर मिटविण्याचा पहिला प्रस्ताव न्यायाधीशांनी जुलै २०२४ मध्ये अपुरा म्हणून फेटाळला, तेव्हा कोठे एकट्या या दाव्याची रक्कम ३७.५ कोटींवर गेली. फ्रान्सिस न्गान्नू या दुसऱ्या मल्लाचे उदाहरणही याच जातीचे. कॅमेरूनच्या वाळूच्या खाणीत राबलेला, सहारा ओलांडून २०१३ मध्ये पॅरिसला पोचल्यावर रस्त्यावर झोपलेला हा माणूस मार्च २०२१ मध्ये सर्वांत वरच्या वजनगटाचा विजेता झाला. आणि जानेवारी २०२३ मध्ये विजेतेपद हाती असतानाच कंपनी सोडून गेला. त्याच्या मागण्यांत मल्लांसाठी आरोग्यविमा ही एक होती. जगज्जेत्यालाही मागून जो विमा मिळू नये, तो गडचिरोलीच्या पोराला कोण देणार?

हा प्रश्न काल्पनिक नाही. जुलै २०२२ मध्ये बेंगळुरूच्या एका किकबॉक्सिंग स्पर्धेत तेवीस वर्षांच्या एका मुलाला ठोसा लागला, तो कोसळला आणि रुग्णालयात मरण पावला. स्पर्धेच्या जागी पुरेशी वैद्यकीय व्यवस्था नव्हती, अशी तक्रार त्याच्या घरच्यांनी केली. २०१५ मध्ये मनिला येथे एका चिनी मल्लाचा मृत्यू झुंजीत नव्हे, तर झुंजीआधी वजन उतरविण्यासाठी अंगातले पाणी घटविताना झाला. अमेरिकेत राज्यांचे क्रीडा आयोग परवाना देतात, तपासणी करतात, डोक्याला मार लागलेल्या मल्लाला ठराविक दिवस लढण्यास बंदी करतात. भारतात व्यावसायिक झुंजींसाठी कायद्याने स्थापन झालेला असा आयोग नाही. तंबू ठोकावा, दिवे लावावेत, तिकिटे विकावीत; एवढ्यावर येथे सामना होऊ शकतो. ज्यांच्या घरी गमावण्यासारखे फारसे नाही त्यांचीच मुले अशा तंबूत आधी शिरतात, आणि विस्थापितांची मुले त्यांत अग्रभागी असली तर नवल नाही.

तेव्हा करायचे काय? मुलचेरा, चामोर्शी, एटापल्ली, भामरागड येथील शाळांना आणि आश्रमशाळांना कुस्ती, जुदो आणि मुष्टियुद्ध यांचे पूर्णवेळ शिक्षक हवेत. मिश्र मल्लयुद्धाचे नव्हेत. या तीन विद्या पक्क्या असल्या की ज्याला पुढे जायचे तो जाईल, आणि ज्याला जायचे नाही त्याच्यापाशी मान्यताप्राप्त खेळाचे प्रमाणपत्र राहील. महाराष्ट्रात २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्या जागांवर हक्क सांगण्यासाठी राज्य पातळीवरची आणि त्यावरची कामगिरी लागते, आणि ती रस्त्यावर सोळाशे मीटर धावून होत नाही. मातीचा आखाडा लोकवर्गणीतून होतो, पण आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर होते, आणि गादी वर्गणीतून येत नाही. खाणींकडून जिल्हा खनिज निधीत जमा होणारा पैसा या दोन जिल्ह्यांत थोडाथोडका नाही. सूरजागडचे लोखंड आणि चंद्रपूरचा कोळसा ज्या मुलांच्या गावांवरून धूळ उडवीत जातो, त्यांच्यासाठी त्यातून गाद्या आणि खुराक यांचा खर्च निघाला तर तो उधळपट्टी ठरणार नाही. गोंडवाना विद्यापीठाची स्थापना २०११ मध्ये झाली ती या भागाच्या गरजा ओळखून. त्याच्या संलग्न महाविद्यालयांपैकी निवडक ठिकाणी कुस्ती आणि मुष्टियुद्धाचे कायम केंद्र असणे हे काही आकाशातील तारे तोडणे नव्हे. वेस्ट व्हॅली कॉलेज काही जगप्रसिद्ध विद्यापीठ नाही.

व्यावसायिक झुंजींपुरते पाहायचे, तर राज्य सरकारने परवान्याची पद्धत घालून द्यावी. रिंगणाशेजारी डॉक्टर, दाराशी रुग्णवाहिका, प्रत्येक मल्लाचा विमा आणि करारपत्र मराठीत, एवढ्या चार अटींविना सामन्याला परवानगी मिळू नये. यासाठी नवीन खाते उघडण्याची गरज नाही. नाटकाच्या आणि शंकरपटाच्या प्रयोगांना परवानग्या देणारी यंत्रणा तालुक्यापर्यंत आहेच. बंगाली वसाहतींच्या जातदाखल्यांचा प्रश्न संसदेच्या अखत्यारीतला आहे, पण त्यासाठी शिफारस राज्यानेच करायची असते. ती शिफारस पूर्ण अभ्यासानिशी दिल्लीला जावी आणि तिचा पाठपुरावा गडचिरोली व चंद्रपूर या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून करावा. दरम्यान त्या मुलांना राज्य शासनाच्या क्रीडा शिष्यवृत्त्या जातीच्या रकान्यावर अडू न देता रहिवासाच्या दाखल्यावर देता येतील. त्याला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. मुंबईतून निघालेला एक शासननिर्णय पुरतो.